आढावा कामाचा, की आरोग्याचा?

३१ मार्चला आर्थिक वर्ष संपले, की राज्याच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत वर्षभराच्या कामाची गोळाबेरीज सुरू होते. उपकेंद्राचा तक्ता प्राथमिक आरोग्य केंद्राकडे, तेथून तालुक्याला, पुढे जिल्ह्याला आणि अखेर राज्याच्या मुख्यालयात, असा आकड्यांचा प्रवास घडतो. किती बालकांना लस टोचली, किती प्रसूती दवाखान्यात झाल्या, किती निधी खर्ची पडला, याचे रकाने भरले जातात आणि उद्दिष्टपूर्तीची टक्केवारी निघते. या टक्केवारीला महत्त्व आहेच. परंतु यंत्रणेने किती काम केले आणि लोकांचे आरोग्य किती सुधारले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर सविस्तर मिळते. दुसरा बहुधा मागे राहतो.

महाराष्ट्राने प्रगती केली नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००१-०३ या काळात राज्यात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातांचा मृत्यू होत होता. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ वर आले. त्या वेळी देशाची सरासरी ९७ होती. दर हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यूंचे प्रमाण २००५ मध्ये ३६ होते, ते २०२० मध्ये १६ झाले. गावोगावच्या परिचारिका, आशा कार्यकर्त्या आणि २०१४ पासून धावू लागलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका यांचा या यशात मोठा वाटा आहे.

तथापि याच यशाची दुसरी बाजू राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसते. २०१५-१६ ते २०१९-२१ या दोन फेऱ्यांच्या दरम्यान राज्यात संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण सुमारे ९० वरून ९५ टक्क्यांवर गेले आणि संपूर्ण लसीकरण ५६ वरून ७३ टक्क्यांच्या पुढे सरकले. मात्र त्याच काळात रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ४८ वरून ५४ टक्के आणि पाच वर्षांखालील बालकांचे ५४ वरून ६९ टक्के झाले. वयाच्या मानाने खुजी राहिलेली बालके ३४-३५ टक्क्यांवरच अडली. लोहाच्या किती गोळ्या वाटल्या, हे तक्त्यात येते. त्या पोटात गेल्या का आणि रक्त वाढले का, हे त्यावरून कळत नाही.

मुळात नोंदच अपुरी असेल, तर आढाव्याला अर्थ उरत नाही. हा धडा महाराष्ट्राने पूर्वी घेतला आहे. डॉ. अभय बंग आणि राज्यातील स्वयंसेवी संस्थांनी २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला, तेव्हा बालमृत्यूंचा मोठा भाग सरकारी दफ्तरात नोंदलाच जात नसल्याचे उघड झाले. त्याआधी गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजण्याच्या पायावर घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग उभारला होता. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांच्या हातून नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले आणि २०११ मध्ये ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. प्रामाणिकपणे मृत्यू नोंदवणाऱ्याच्या वाट्याला कारणे दाखवा नोटीस येणार असेल आणि लपवणाऱ्याला शाबासकी मिळणार असेल, तर तक्ते सुधारतील, मुले मात्र वाचणार नाहीत.

आणखी एक अडचण खात्यांच्या कुंपणाची. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. त्याच महिन्यात कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. दीड महिन्याने नांदेडमध्ये २४ तासांत २४ मृत्यू झाले आणि त्यांत १२ नवजात बालके होती. यांपैकी पहिले रुग्णालय महापालिकेचे, दुसरे वैद्यकीय शिक्षण विभागाचे. आजारी माणूस दारात येताना पाटी कोणत्या खात्याची, हे पाहत नाही. वर्षाचा हिशेब मात्र प्रत्येक खाते आपापल्या कुंपणाआतच मांडते. लहान दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून मोठ्या रुग्णालयात पाठवलेल्या आणि तेथे उशिरा पोहोचून दगावलेल्या रुग्णाची जबाबदारी मग कोणाच्याच तक्त्यात बसत नाही.

यावरचा उपायही या राज्याला नवा नाही. २००७ मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी आपल्या केंद्राचे प्रगतिपुस्तक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी त्याला उत्तर द्यायचे, ही त्यामागची कल्पना. बंद दारांआडच्या बैठकीत जे प्रश्न विचारले जात नाहीत, ते गावची बाई तेथे उभी राहून विचारू शकते: केंद्रात औषध होते का, रात्री डॉक्टर होते का, पैसे मागितले गेले का?

वार्षिक आढाव्यात या प्रश्नांना मानाचे स्थान मिळाले पाहिजे. जिल्ह्यातील प्रत्येक माता व बालमृत्यूची चिकित्सा, रिक्त पदांची यादी आणि औषधांचा साठा ही माहिती तिन्ही यंत्रणांनी एकत्र लोकांसमोर ठेवली, तर आढावा हा वर्षाअखेरचा सोपस्कार राहणार नाही. आरोग्य सेवेची प्रगती तिच्या दप्तरात नव्हे, तर तिच्या दारातून बरा होऊन घरी परतणाऱ्या माणसाच्या पावलांनी मोजायची असते.