पांढऱ्या पेशी भरपूर, तरी जखमेत पू नाही: असं का होतं?

केज तालुक्यातली अनेक कुटुंबं दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलाला न्यूमोनिया झाला तर एका गावचे डॉक्टर बघतात, हिरड्या सुजल्या तर दुसऱ्या गावचे. प्रत्येकाला एकच आजारपण दिसतं. पण काही दुर्मिळ आजार ओळखू येतात ते आजारपण पुन्हा पुन्हा येण्यावरूनच. ‘ल्युकोसाइट अ‍ॅडहेजन डिफिशियन्सी’ म्हणजेच एलएडी हा त्यातलाच एक.

नेमकं काय बिघडतं?

पांढऱ्या पेशी रक्तातून वेगानं वाहत असतात. कुठे जंतुसंसर्ग झाला की तिथल्या रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला सिलेक्टिन नावाची प्रथिनं येतात. पांढऱ्या पेशीवरच्या प्रथिनांना साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या जोडलेल्या असतात. त्या साखळीत फ्युकोज ही साखर असेल, तरच सिलेक्टिनला पेशी नीट पकडता येते. पेशीचा वेग कमी होतो. मग इंटिग्रिन नावाची प्रथिनं तिला घट्ट चिकटवतात आणि ती रक्तवाहिनीबाहेर पडून जंतूंपर्यंत पोहोचते.

फ्युकोज जोडलं गेलं नाही तर पेशीचा वेग कमी होत नाही. हा एलएडीचा दुसरा प्रकार. पहिल्या प्रकारात साखर ठीक असते, दोष इंटिग्रिनमध्ये असतो. दुसऱ्या प्रकाराच्या तुलनेत तो जास्त आढळतो. साखर कमी-जास्त खाण्याशी याचा संबंध नाही. दोष जनुकीय आहे.

मुंबईशी काय नातं?

१९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद केली. या गटात लाल पेशींवरच्या एका साखळीत फ्युकोज नसतं. १९९२ मध्ये इस्रायलमधल्या दोन मुलांमध्ये एलएडीचा दुसरा प्रकार प्रथम नोंदवला गेला, तेव्हा त्यांचाही रक्तगट बॉम्बेच निघाला. मात्र बॉम्बे गटाच्या इतर लोकांनी घाबरायचं कारण नाही. त्यांच्या पांढऱ्या पेशींवर फ्युकोज असतं.

पालकांनी काय बघावं?

वारंवार गंभीर संसर्ग, जखम भरायला वेळ, पू जवळजवळ नाही आणि सीबीसी तपासणीत पांढऱ्या पेशी सतत खूप जास्त. पहिल्या प्रकारात बाळाची नाळ गळायलाही उशीर होतो. मामाच्या मुलीशी किंवा अशा जवळच्या नात्यात लग्न झालेलं असेल, तर शक्यता वाढते.

अशा वेळी अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. पुढच्या विशेष तपासण्यांसाठी मुंबईत केईएमच्या आवारात राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्था आहे. दुसऱ्या प्रकारातल्या काही मुलांना तोंडावाटे फ्युकोज दिल्यावर संसर्ग कमी झाले. पहिल्या प्रकाराच्या तीव्र रूपात अस्थिमज्जा प्रत्यारोपण लागतं.

या सगळ्याची सुरुवात होते ती जुन्या कागदांपासून. म्हणून कारखान्यावर जाताना मुलाचा प्रत्येक रिपोर्ट एकाच पिशवीत सोबत ठेवा. पाच गावांतली पाच आजारपणं एका डॉक्टरसमोर आली, तरच त्यामागचा एक आजार दिसेल.