बाणगंगेच्या काठी

मायदेशी गेलो की खरेदी, डॉक्टर आणि नातेवाईक यांतच आमचे दिवस संपतात. या खेपेला मात्र मुलांना घेऊन मुंबईत वाळकेश्वरला गेलोच. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाने इथे पूजेसाठी वाळूचं शिवलिंग केलं, म्हणून वाळुकेश्वर. तहान लागली तेव्हा बाण मारून पाणी काढलं, ती बाणगंगा. शिलाहारांच्या काळातलं मूळ देऊळ पोर्तुगीजांच्या अमदानीत पाडलं गेलं. १७१५ च्या सुमारास रामा कामत यांनी ते पुन्हा उभारलं.

समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी कुंडाचं पाणी गोडं! लेकीने विचारलं, "खरंच बाण मारला होता?" आम्ही म्हटलं, "झरा तर खरा आहे ना, बाई!"

आमच्या वडिलांचं कार्य इथंच झालं. आम्हाला तिकीट मिळेपर्यंत तेरावाही उलटला होता. २०२४ च्या जूनमध्ये गाळ काढायला कुंडात यंत्र उतरवलं आणि जुन्या पायऱ्या मोडल्या, हे वाचून म्हणूनच जीव हळहळला होता.

त्याच पायऱ्यांवर बसून मुलांना आजोबांच्या गोष्टी सांगितल्या. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी एक सकाळ बाणगंगेसाठी राखून ठेवाच!