डायनोसॉरच्या आधी कोण होतं?

मागच्या वीकेंडला मोहर्ली. सकाळच्या सफारीत वाघाने दर्शन दिलं नाही, म्हणून नाश्त्याच्या टेबलावर आठ वर्षांच्या भाच्याने आपले प्लॅस्टिकचे डायनोसॉर मांडले. पाठीवर शीड असलेला त्याचा सगळ्यात लाडका. म्हटलं, अरे, हा डायमेट्रोडॉन. हा डायनोसॉर नाहीच! ते यायच्या कोट्यवधी वर्षं आधीच संपला. नात्याने तर तुझ्यामाझ्याच जवळचा.

"मामा, मग त्याच्या वेळी अजून कोण होतं?"

ताई म्हणाली, "लहान आहे तो, कशाला गोंधळात टाकतोस?"

इथेच माझं डोकं फिरतं. जो पोरगा 'पॅकिसेफॅलोसॉरस' न अडखळता म्हणतो, त्याचा कसला गोंधळ? गोंधळ आपला आहे मंडळी. आपला प्राचीन इतिहास 1993 च्या 'जुरासिक पार्क'पासून सुरू होतो!

चंद्रपूरहून मोहर्लीला येताना दुर्गापूर, पद्मापूरच्या कोळसा खाणी लागतात. तो कोळसा म्हणजे डायनोसॉरच्याही आधीचं, ग्लॉसोप्टेरिस वगैरे झाडांचं जंगल. आणि आपण काय करतो? धूळ येते म्हणून काचा वर.

अजून एक गंमत. 1842 मध्ये 'डायनोसॉर' हे नाव देणाऱ्या त्याच रिचर्ड ओवेनने 1855 मध्ये नागपूरच्या दक्षिणेकडच्या मांगलीत सापडलेल्या कवटीचं वर्णन छापलं. ब्रॅकिऑप्स! साधारण 25 कोटी वर्षांपूर्वीचा, चपट्या डोक्याचा उभयचर. चक्क आपला वैदर्भीय. टी-रेक्स अमेरिकेचा, तो पाठ. हा घरचा, तर नावही माहीत नाही.

असो. परतताना पद्मापूरला गाडी थांबवली. ट्रकमधून सांडलेला कोळशाचा एक तुकडा भाच्याने उचलला. सीट कव्हर काळं झालंय, ताई अजून बोलत नाहीये.