नूतनीकरणाचा विलंब आणि निवासाचा हिशोब

कॅनडातील कायम रहिवाशाला मिळणारे कार्ड, ज्याला व्यवहारात सर्वत्र पीआर कार्ड असेच म्हटले जाते, ते साधारणतः 5 वर्षांसाठी वैध असते आणि त्याची मुदत संपली म्हणून रहिवाशाचा दर्जा संपत नाही, ही गोष्ट या क्षेत्रातील प्रत्येक सल्लागार आपल्या अशिलाला पहिल्याच भेटीत सांगतो. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. इमिग्रेशन कायद्याच्या कलम 31 नुसार, कॅनडाबाहेर असलेल्या व्यक्तीने कार्ड सादर केले नाही तर तिला तो दर्जा नाही असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक पुराव्याने खोडता येते, परंतु विमानतळावर प्रवेशपत्र देणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे ते खोडण्याची कोणतीही सोय नसते. त्यामुळे ज्याचे आईवडील सांगलीत किंवा नागपुरात आहेत, अशा ब्रॅम्प्टनच्या रहिवाशाच्या दृष्टीने नूतनीकरणाचा अर्ज महिनोन्‌महिने अडकणे म्हणजे दर्जा कागदावर शाबूत राहूनही जाण्यायेण्याचे स्वातंत्र्य हिरावले जाणे होय.

या विलंबाचे मूळ बहुतेक वेळा निवासाच्या पडताळणीत असते आणि ती पडताळणी समजून घेण्यासाठी कायद्यातील एक बदल लक्षात घ्यावा लागतो. 1976 च्या कायद्यानुसार कोणत्याही 12 महिन्यांत 183 दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या व्यक्तीने कॅनडा सोडल्याचे मानले जाई, मात्र देश सोडण्याचा आपला हेतू नव्हता हे अधिकाऱ्याला पटवून देण्याची मुभा तिला होती. 28 जून 2002 रोजी लागू झालेल्या विद्यमान कायद्याने हेतूची ही चौकशी बाजूला सारून 5 वर्षांत 730 दिवसांची अट घातली आणि त्याच वेळी पीआर कार्डही अस्तित्वात आले. दिवसाचा काही भाग जरी कॅनडात गेला तरी तो पूर्ण दिवस धरला जातो, म्हणून निघण्याचा आणि परतण्याचा असे दोन्ही दिवस रहिवाशाच्या बाजूने पडतात. ही 5 वर्षे कार्डावर छापलेल्या तारखांवरून मोजली जात नाहीत. तपासणी ज्या दिवशी होते त्या दिवसापासून मागे मोजलेली ती 5 वर्षे असतात आणि म्हणून ही खिडकी रोज पुढे सरकत राहते. ज्याला दर्जा मिळून 5 वर्षे झालेली नाहीत, त्याच्या बाबतीत उरलेल्या काळात 730 दिवस भरणे शक्य आहे का, एवढेच पाहिले जाते.

पडताळणी होऊच नये, अशी भूमिका कोणताही जबाबदार व्यावसायिक घेणार नाही. व्हँकूवर परिसरातील एका विनापरवाना सल्लागाराने शेकडो अशिलांच्या पासपोर्टांत खोटे शिक्के उमटवून, देशाबाहेर राहणाऱ्यांना कॅनडात राहिल्याचे दाखवले आणि 2015 मध्ये त्याला 7 वर्षांची शिक्षा झाली. अशा प्रकरणांमुळे प्रामाणिक अर्जदारांच्या कागदपत्रांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले, ही हानी त्या शिक्षेने भरून निघालेली नाही. शिवाय आता सरकारकडे स्वतंत्र नोंदीही आहेत, कारण जमिनीवरील सीमेवरून बाहेर पडणाऱ्या सर्व प्रवाशांची माहिती 2019 पासून आणि विमानाने जाणाऱ्यांची 2020 पासून गोळा केली जाते. त्याआधीच्या प्रवासासाठी भारतीय पासपोर्टवरील आगमन-निर्गमनाचे शिक्के हाच अनेकदा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो, म्हणून पासपोर्ट नवा झाला तरी जुना जपून ठेवण्याचा आग्रह अशिलाकडे धरला पाहिजे.

आक्षेप आहे तो पडताळणीच्या नावाखाली पाळल्या जाणाऱ्या मौनाला. अर्ज ‘सेकंडरी रिव्ह्यू’ म्हणजे दुय्यम छाननीसाठी पाठवला गेला की त्याला जाहीर केलेली कालमर्यादा उरत नाही, शंका नेमकी कशाबद्दल आहे हे अर्जदाराला आपणहून कळवले जात नाही आणि नकार न मिळाल्यामुळे त्याला आव्हान देण्याचीही सोय राहत नाही. वस्तुतः अशा संशयास्पद प्रकरणांचा विचार नियमांनी आधीच केलेला आहे. नियम 54 नुसार, ज्याच्याविरुद्ध कलम 44 खालील अहवाल, म्हणजे निवासाची अट मोडल्याचा किंवा तत्सम आरोपाचा लेखी अहवाल, विचाराधीन आहे किंवा ज्याचे देश सोडण्याच्या आदेशावरील अपील प्रलंबित आहे, त्यालाही 1 वर्ष मुदतीचे कार्ड देता येते. ज्याच्यावर औपचारिक आरोप झाला आहे त्याच्या हाती वर्षभराचे कार्ड आणि ज्याच्यावर कोणताच आरोप नाही त्याचे हात मात्र रिकामे, ही विसंगती समर्थनीय नाही. शंका असेल तर अहवाल लिहावा, कारणे द्यावीत, अर्जदाराचे म्हणणे ऐकावे. अन्यथा कार्ड द्यावे, अशी या मासिकाची स्पष्ट मागणी आहे.

तोपर्यंत व्यावसायिकांच्या हाती दोन साधने आहेत. माहितीच्या हक्काखाली अर्ज करून इमिग्रेशन विभागाच्या संगणक-प्रणालीतील नोंदी मागवल्या, तर फाइल कोणत्या शंकेवर थांबली आहे हे पुष्कळदा समजते. त्यानंतरही हालचाल नसेल तर संघीय न्यायालयाकडून मॅन्डॅमस, म्हणजे कर्तव्य पार पाडण्याचा महादेश, मागता येतो. कोनिल प्रकरणातील निकालानुसार विलंब प्रक्रियेच्या स्वरूपाला न साजेसा आहे, त्याला अर्जदार जबाबदार नाही आणि प्रशासनाने त्याचे समाधानकारक कारण दिलेले नाही, या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. यांतील दुसरी गोष्ट सल्लागाराच्या कामावर अवलंबून आहे, कारण प्रवासाच्या तारखा विसंगत असलेला किंवा पासपोर्टाची पाने गाळलेला अर्ज पुढे न्यायालयात अर्जदाराच्याच विरोधात जातो.

ज्याचे दिवस कमी भरतात, त्याच्या बाबतीत अर्ज कसा भरावा यापेक्षा तो आत्ता भरावा का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. असा रहिवासी कॅनडातच असेल, तर 730 दिवस पूर्ण होईपर्यंत देशात राहून मग अर्ज करणे पूर्णपणे कायदेशीर आहे. घाईने अर्ज केल्यास तोच अहवालाला निमित्त ठरू शकतो आणि नियम 62 नुसार अहवाल लिहिला गेल्यानंतरचे दिवस मोजले जात नाहीत. परदेशातील नोकरीबाबतही असाच गैरसमज आढळतो. पुण्यात बसून टोरांटोतील कंपनीचे काम केले म्हणजे दिवस भरतात, असे अनेक संगणक-अभियंते समजतात, परंतु कॅनेडियन कंपनीने आपल्या कर्मचाऱ्याला किंवा कंत्राटावर सेवा देणाऱ्याला बाहेरच्या पदावर पूर्णवेळ नेमून पाठवलेले असावे लागते आणि कॅनडाशी त्याचे नोकरीचे नाते टिकून राहणे न्यायालयांनी महत्त्वाचे मानले आहे. स्वतःच्या सोयीने परतून केलेले घरबसले काम त्यात बसत नाही.

सर्वांत जास्त झळ मुलांनी प्रायोजित करून बोलावलेल्या वृद्ध आईवडिलांना बसते, कारण त्यांचे आयुष्य दोन देशांत विभागलेले असते आणि गावाकडचे घर, शेती, औषधोपचार यांच्यासाठी त्यांना वारंवार भारतात यावे लागते. नागरिक असलेल्या जोडीदारासोबत परदेशात घालवलेले दिवस कायदा मोजतो, नागरिक आईवडिलांसोबत राहिलेल्या मुलाचेही मोजतो, पण नागरिक मुलासोबत भारतात राहिलेल्या आईवडिलांचे मोजत नाही. त्यांच्यासाठी उरतो तो मानवतेच्या आधारावर सवलत देण्याचा अधिकाऱ्याचा अधिकार, जो कलम 28 मध्येच नमूद आहे. मात्र तो वापरला जावा यासाठी आजारपणाचे दाखले, शुश्रूषेची गरज आणि कॅनडातील नातवंडांशी असलेले नाते यांचे पुरावे अर्जासोबतच जोडावे लागतात. हे पुरावे अपिलापर्यंत राखून ठेवण्याची प्रथा सोडून देणे इष्ट आहे, कारण कार्ड नसताना परतण्यासाठी लागणारा प्रवास-दस्तऐवज परदेशातील कार्यालयाने नाकारल्यास अपिलासाठी 60 दिवसच मिळतात आणि तेवढ्या अवधीत तालुक्याच्या रुग्णालयातून जुने कागद मिळवणे, त्यांचे भाषांतर आणि प्रमाणीकरण करून घेणे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बहुधा जमत नाही.