रोखीवर बंदी कुणाला, फटका कुणाला?



भाताची झोडणी होत आली आहे. खळ्यावरचं काम आटोपलं की आपल्या पाड्यांतली अर्धी माणसं वीटभट्टीच्या वाटेला लागतील. जायच्या आधी घरात थोडा पैसा लागतो. म्हणून या दिवसांत प्रत्येक जण घरात विकण्यासारखं काय आहे ते बघतो. कुणी जुनी सायकल काढतो, कुणी शिलाई मशीन, कुणी पत्रे. आमच्या घरातून या वर्षी पाण्याचं इंजिन गेलं. ते कसं गेलं ते सांगतो, कारण असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं झालं असणार.

धाकट्या बहिणीच्या फीचा हप्ता भरायचा होता. बाबांनी आणि मी इंजिन टेम्पोत टाकून तालुक्याला नेलं. तिथे जुना माल घेणारा एक शेठ आहे. त्याने इंजिन चालू करून बघितलं आणि बोलला, "इंजिन चांगलं आहे, साडेअकरा हजार देतो. पण रोख नाही मिळणार. दहा हजारांच्या वर रोखीला सरकारने बंदी केली आहे. खात्यात टाकतो."

बाबा बोलले, "खातं बंद पडलंय शेठ. आधारवर नाव एक, पासबुकावर दुसरं. रोखच द्या."

"मग साडेसात घे. आणि बिल कुठे आहे? बिल नाही तर माल चोरीचा नाही कशावरून?"

बाबांनी ते इंजिन सहा वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याकडून जुनंच घेतलं होतं. त्याचं बिल कुठून आणणार? चोरीचा शब्द ऐकल्यावर बाबा गप्प बसले. मी बारावी शिकलेला, मी पण गप्प बसलो. साडेसात हजार घेऊन आम्ही परत आलो. त्या एका वाक्यात आमचे चार हजार रुपये गेले.

नंतर मी संघटनेच्या ऑफिसात जाऊन विचारलं, की असा नियम खरंच आहे का. आम्ही दोघा-तिघांनी बसून कायदा वाचला. तो साध्या भाषेत सांगतो, नीट लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात किंवा एका दिवसात एका माणसाकडून २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आहे. आपल्यात २ लाखांचा जुना माल कोण विकतो? म्हणजे तुम्ही तुमची जुनी मोटारसायकल शेजारच्या गावातल्या माणसाला १८ हजारांना रोखीने विकली, तर त्यात काही गुन्हा नाही.

दुसरी गोष्ट. दहा हजारांचा नियम आहे, पण तो धंदा करणाऱ्याच्या हिशोबासाठी आहे. व्यापाऱ्याने एका माणसाला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च इन्कम टॅक्सच्या हिशोबात धरत नाहीत, त्याला त्यावर कर बसतो. आधी ही मर्यादा २० हजार होती, २०१७ मध्ये ती १० हजार केली. विकणाऱ्याला यात ना दंड ना तुरुंग. म्हणजे तो शेठ त्या दिवशी दहा हजार रोख देऊ शकत होता आणि उरलेले दीड हजार दुसऱ्या दिवशी. साडेसात हजारांचा आकडा कुठल्या कायद्यात नाही. तो शेठने आमचं तोंड बघून ठरवला.

तिसरी गोष्ट तर कुणीच आपल्याला सांगत नाही. या नियमात सूट आहे. शेतमाल, वनउपज, जनावरं असा माल थेट पिकवणाऱ्या-पाळणाऱ्याकडून घेतला, तर व्यापारी दहा हजारांच्या वरही रोख देऊ शकतो. आणि ज्या गावात बँक नाही, त्या गावात राहणाऱ्या माणसाला तिथेच येऊन पैसे दिले तरी सूट आहे. आपल्या किती पाड्यांत बँक आहे ते तुम्हीच सांगा. म्हणजे शेठ आमच्या पाड्यावर येऊन इंजिन घेऊन गेला असता, तर पूर्ण साडेअकरा हजार रोख द्यायला त्याला कायद्याची काही अडचण नव्हती.

मग आपल्याला एवढा धाक कशाचा बसला आहे? तो नोटबंदीपासून बसला आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या. तेव्हाचा आठवडी बाजार आठवा. खुरासणी, उडीद, वरई घेऊन बाया बसल्या होत्या आणि गिऱ्हाइकाच्या हातात चालणारी नोट नव्हती. व्यापारी बोलायचा, जुनी नोट घे नाहीतर उधारीवर दे. सहा दिवसांनी, १४ नोव्हेंबरला, जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायलाच मनाई केली. खेड्यातल्या माणसाची जवळची बँक तीच होती. जनधन खात्यातून महिन्याला १० हजारांच्या वर काढायचे नाहीत अशी पण मर्यादा घातली. लोक मजुरी बुडवून रांगेत उभे राहिले.

आणि काळा पैसा किती सापडला? ऑगस्ट २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं, की बंद केलेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत बँकेत आल्या. ज्यांच्याकडे पोत्याने होत्या त्यांच्या पण बदलून झाल्या. ज्यांच्याकडे चार होत्या ते मात्र अजून घाबरलेले आहेत. त्या भीतीवर आता व्यापारी धंदा करतो.

सरकारचं म्हणणं आहे, रोखीने हिशोब लपतो, बँकेतून व्यवहार झाला तर सगळं उजेडात येतं. यात काही खोटं नाही. चोरीचा माल रोखीत खपतो हे पण खरं आहे. आपल्या पण शेळ्या चोरीला जातात, शेतावरची मोटार रात्रीत गायब होते. चोर पकडला पाहिजे असं आपल्याला पण वाटतं. पण चोर पकडायचा तर माल कुणी विकला, कुणी घेतला, हे लिहून ठेवलं पाहिजे. पैसा कागदाचा होता की मोबाईलचा, त्याने काय होणार? ज्याच्याकडे बँक जवळ आहे, मोबाईलला रेंज आहे, कागदावर नाव बरोबर आहे, त्याला हा नियम काही जड नाही. ज्याच्याकडे यातलं एकही नाही त्याला तो भिंतीसारखा आडवा येतो. आधी बँक गावात आणा, नावं दुरुस्त करून द्या, मग रोखीबद्दल बोला.

एक गोष्ट शहरातल्या माणसाला कळत नाही. आपल्याकडे जुनी वस्तू हीच बचत असते. पैसा आला की आपण इंजिन घेतो, पत्रे घेतो, शेळी घेतो. अडचण आली की तेच विकतो. नवीन माल दुकानातून बिलावर मिळतो, पण आपण घेतो तोच मुळी जुना, म्हणून बिल आपल्याकडे नसतंच. "बिल दाखव" बोललं की आदिवासी चोर ठरतो. जमिनीचं पण आपण हेच ऐकत आलो. पिढ्यान् पिढ्या कसली तरी "कागद दाखव". वनहक्काच्या दाव्यात आपण काय केलं? गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहिला, ग्रामसभेचा ठराव जोडला. कायद्यानेच तो पुरावा मानला आहे. मग जुन्या इंजिनासाठी तेच का करू नये?

पेसा कायदा १९९६ चा आहे. गावबाजाराचं व्यवस्थापन ग्रामसभेकडे आणि पंचायतीकडे आहे असं त्यात लिहिलं आहे. आपण त्याचा वापर जमिनीसाठी करतो, बाजारासाठी अजून केला नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे.

प्रत्येक ग्रामसभेने एक वही ठेवावी. मोठी वस्तू विकायची असेल तर त्यात विकणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, वस्तू, तिच्यावर नंबर असेल तर तो, किंमत आणि तारीख लिहावी. दोन साक्षीदारांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत. त्याची शिक्का मारलेली नक्कल विकणाऱ्याला द्यावी. रस्त्यात पोलिसांनी अडवलं तर ती दाखवता येईल, आणि शेठने बिल मागितलं तरी तीच पुढे करता येईल.

व्यापाऱ्याला शक्यतो पाड्यावर बोलवा. चार माणसांसमोर भाव होऊ द्या. पैसे हातात आल्याशिवाय माल गाडीत चढवू देऊ नका. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. कुणी "रोखीला बंदी आहे" बोललं, तर "कुठल्या कायद्यात, किती रुपयांच्या वर?" एवढं विचारा. आणि तालुक्याला एकटे जाऊ नका, सोबत शिकलेलं पोर न्या. पण ते पोर माझ्यासारखं गप्प बसणारं नको.

आमचे चार हजार गेले ते गेले. बहिणीची फी बाकीचे पैसे उसने घेऊन भरली. पण बाबा अजून विचारतात, "खरंच बंदी नव्हती काय रे?" नव्हती बाबा. हे मला त्या दिवशी शेठसमोर बोलता आलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, वहीचा ठराव करा आणि त्याची नक्कल संघटनेकडे पाठवा.

आदिवासी एकता जिंदाबाद!