घोड्याला विचारलेला एकच प्रश्न

रायपूर नावाची दोन गावे येथे प्रस्तुत आहेत. एक छत्तीसगडच्या राजधानीचे, गुढियारीसारख्या गजबजलेल्या वस्त्यांचे; दुसरे नागपूर जिल्ह्यातील हिंगण्याजवळचे, जेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९८५ ते १९९० या काळात शिळावर्तुळांचे उत्खनन केले. पहिल्या रायपूरच्या मुलखात १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीबरोबर नागपूरकर भोसल्यांचे घोडदळ शिरले, हे मराठी वाचक जाणतो. दुसऱ्या रायपूरच्या आसमंतात, माहूरझरी, खापा, नायकुंड, जुनापाणी येथे, त्या घोडदळापूर्वी दोन हजारांहून अधिक वर्षे, माणसांशेजारी घोडे पुरले गेले होते, हे मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते. भूतकाळातील घोड्याविषयी एवढे हिरिरीने भांडणाऱ्या समाजात हे अज्ञान योगायोगाने आलेले नाही. ते प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे आलेले आहे.

गेले अर्धशतक प्राचीन घोड्याला आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो : तू कोणाचा? कच्छमधील सुरकोटडा येथे सापडलेली काही हाडे घोड्याची असल्याची नोंद अरुण कुमार शर्मा यांनी १९७४ मध्ये केली. हेच शर्मा पुढे रायपूरला स्थायिक झाले आणि सिरपूरच्या उत्खननामुळे नावाजले. हंगेरीचे शांडोर बोकोन्यी यांनी त्यांना दुजोरा दिला, अमेरिकेचे रिचर्ड मेडो यांनी तो नाकारला. घोडा आणि रानगाढव यांची हाडे वेगळी ओळखणे तज्ज्ञांनाही जड जाते, म्हणून असा मतभेद शास्त्राला नवा नाही. पण सभा-संमेलनांतून त्या हाडांना जे ओझे वाहावे लागले ते शास्त्राचे नव्हते. घोडा सापडला तर वैदिक लोक येथलेच. नाही सापडला तर बाहेरचे. २००० साली तर हडप्पा संस्कृतीच्या एका फुटक्या मुद्रेवर घोडा असल्याचा दावा मांडला गेला आणि ती मुद्रा एकशिंगी वृषभाची निघाली. २०१८ मध्ये सिनौली येथे चाकांची वाहने निघाली, तेव्हाही भरीव चाके आणि घोड्याच्या सांगाड्याचा अभाव या दोन गोष्टी बाजूला सारून रथाचा जयघोष झाला. प्रतिपक्षही निर्दोष नाही. घोड्याची अनुपस्थिती हाच ज्याचा सगळा पुरावा, त्यालाही त्या प्राण्याशी काही देणेघेणे नसते.

जगाच्या पातळीवर हे कोडे आता बरेच सुटले आहे. कझाकस्तानातील बोताई येथे इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमारास घोडे बाळगले जात. परंतु आजचे पाळीव घोडे त्या घोड्यांचे वंशज नाहीत, असे २०१८ मध्ये जनुकीय अभ्यासाने दाखवले. २०२१ च्या अभ्यासानुसार आजच्या घोड्यांचे मूळ व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या प्रदेशात असून इसवी सनापूर्वी २००० च्या आगेमागे ते झपाट्याने सर्वत्र पसरले. ही गोष्ट कोणाला गोड लागो वा कडू. ती मान्य केल्यावरही खरा प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्याचे उत्तर ज्या भूमीत आहे ती विदर्भाची.

माहूरझरीचे उत्खनन शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली १९७०-७२ मध्ये झाले. तेथे घोड्याच्या हाडांबरोबर तांब्याच्या पत्र्याचे मस्तकाभरण मिळाले, तसेच लोखंडी कडियाळी मिळाली. कडियाळे म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा भाग. ती एवढीशी वस्तू बरेच बोलते. ती घडवणारा लोहार लागतो, जनावराच्या तोंडाचे माप जाणणारा माणूस लागतो, शिंगरू असल्यापासून त्याला वळण लावणारा लागतो. शिवाय घोडा बैलासारखा रवंथ करीत नाही. निकस चाऱ्यावर बैल निभावून नेतो, घोड्याला चंदी लागते. औताला तो जुंपला जात नाही, म्हणजे शेतातून खातो आणि शेताला काही परत देत नाही. असे जनावर बाळगणे म्हणजे गावाच्या धान्यातला एक वाटा प्रतिष्ठेसाठी बाजूला काढणे. मग तेच जनावर, तांब्याने सजवून, मेलेल्या माणसाबरोबर मातीत घालणे म्हणजे काय? वेग, युद्ध, विजय या ठरीव शब्दांनी त्याचा उलगडा होत नाही. त्यात कोणाचे तरी मोठेपण जिवंतांना पटवून देण्याची निकड होती, आणि तिची किंमत कोणी तरी चुकती केली होती.

लॉरेन्स लेश्निक यांनी १९७४ च्या ग्रंथात महापाषाणीय लोकांना घोड्यांवरून आलेले फिरस्ते पशुपालक ठरवले. थडगी पुष्कळ आणि वस्त्या थोड्या, यावरून ते अनुमान सुचणे साहजिक होते. परंतु पेंच नदीकाठच्या नायकुंडला १९७८-८० मध्ये लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, वस्तीचे अवशेष आणि धान्याचे दाणे मिळाले. माहूरझरीला तर अकीक आणि तांबड्या दगडांचे मणी घडत. भट्टी, मणी, पीक आणि गुरे यांचा हा संसार नुसत्या टापांच्या आवाजात बुडवून टाकणे ही इतिहासाची चैन आहे. घोडेस्वार तेवढा दिसतो. मोतद्दार, लोहार आणि चंदी पिकवणारी बाई दिसत नाही.

हीच चैन मराठी इतिहासलेखनही करीत आले आहे. नाणेघाटातील नागनिकेच्या लेखात दोन अश्वमेधांची नोंद आहे. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण यांच्या दानांची यादी आहे. तो लेख महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाच्या अभिमानाचा विषय झाला, आणि त्यात वावगे काही नाही. पण यज्ञातल्या घोड्याला राजाचे नाव मिळाले म्हणून तो इतिहासात गेला. माहूरझरीच्या घोड्यामागे अक्षर नव्हते म्हणून तो नागपूरच्या वेशीबाहेर राहिला. लिहिलेले तेवढे खरे, हा आग्रह ज्यांच्याकडे लेखणी होती त्यांच्याच सोयीचा असतो. ज्या प्रदेशाला अद्याप मराठवाडा आणि पुण्याच्या मापाने मोजले जाते, त्याच्या वाट्याला असे दुर्लक्ष येण्याचे नवलही वाटू नये.

वास्तविक आज विचारता येण्याजोगे प्रश्न अत्यंत नेमके आहेत. दख्खनला चांगला घोडा शतकानुशतके बाहेरून आणावा लागे. तेराव्या शतकात मार्को पोलोने दक्षिणेकडे समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांचा व्यापार नोंदवला आहे. मग विदर्भातील ते घोडे कोठून आले? दाताच्या आवरणात जनावराने बालपणी प्यालेल्या पाण्याची आणि खाल्लेल्या चाऱ्याची रासायनिक खूण उरते. ते शिंगरू वैनगंगेच्या खोऱ्यात वाढले की दूरच्या कोरड्या मुलखात, हे त्यावरून तपासता येते. नर किती, माद्या किती, म्हातारे किती, यावरून त्यांची येथे पैदास होत होती की केवळ खरेदी, हेही कळू शकते. जुनापाणीला रिव्हेट-कारनॅक यांनी एकोणिसाव्या शतकात पहिली कुदळ घातली. त्याला जवळपास दीडशे वर्षे झाली, तरी सिनौलीच्या चाकांवर घालवलेल्या शाईचा शतांशही या दातांच्या वाट्याला आलेला नाही.