न विचारण्याचा खर्च



उत्पादन खर्चाचा हिशेब मांडायला आपण शिकलो आहोत. बियाणे, खत, औषध, मजुरी, वीजबिल, व्याज, घरच्या माणसांचे कष्ट, जमिनीचा खंड ही सारी कलमे आपले कार्यकर्ते बोटांवर मोजून दाखवतात. कृषिमूल्य आयोगाच्या ए-२ आणि सी-२ मधला फरक पारावर बसून समजावून सांगणारी पोरे या जिल्ह्यात आहेत. पण एक कलम कोणत्याही आयोगाच्या तक्त्यात नाही आणि आपल्या वहीतही नाही. ते म्हणजे न विचारण्याचा खर्च. 'मला हे माहीत नाही' एवढे म्हणायची लाज वाटली, म्हणून गेलेला पैसा.

हा खर्च केवढा असतो ते पाहायला जिल्ह्याबाहेर जायला नको. डाळिंबाकडे पाहावे.

१९९० मध्ये राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरच्या ज्या माळावर कुसळे उगवत होती तिथे डाळिंब उभे राहिले. आधी गणेश, मग भगवा. थोड्या पाण्यावर पैसा देणारे दुसरे पीक या भागाला ठाऊक नव्हते. त्यानंतर २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तेल्या आला. पानावर तेलकट डाग, फळावर डाग, मग फळ तडकून मातीमोल. या जिवाणूजन्य रोगाची देशातली पहिली नोंद १९५२ ची, दिल्लीची. पण अख्ख्या बागा बसवणारा तेल्या आपल्याकडे कुणी पाहिलेला नव्हता. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरात सुरू झाले ते २००५ साली. म्हणजे रोग आधी आला, केंद्र मागाहून.

मधल्या काळात शेतकऱ्याने विचारायचे कुणाला? दुकानदाराला, सल्लागाराला आणि शेजाऱ्याला. त्या वेळी खरे उत्तर एकच होते: 'लागलेला तेल्या हमखास बरा करणारे औषध आम्हाला माहीत नाही.' हे उत्तर फुकट होते, म्हणून ते कुणी विकले नाही. विकल्या गेल्या त्या बाटल्या. एकीने गुण आला नाही तर दुसरी, दोन्हींनी नाही आला तर दोन्ही एकत्र. त्यातली कितीतरी पीकवर्धके २०२१ साली खत नियंत्रण आदेशाखाली येईपर्यंत कोणत्याच कायद्याच्या चौकटीत नव्हती. बाटलीवर काय लिहावे याला धरबंध नव्हता, आणि बाटलीत काय आहे हे विचारणारा गिऱ्हाईकही नव्हता.

संशोधनातून पुढे जे हाती आले ते बाटलीत मावणारे नव्हते. निरोगी बागेतलीच कलमे लावा. रोगट बागेत पावसाळ्यातला मृग बहार टाळून हस्त धरा. झाडाला विश्रांती द्या. रोगट फांद्या छाटा, गळालेली पाने-फळे वेचून जाळा, कात्री दर झाडाला निर्जंतुक करा, बोर्डो मारा. यातले बहुतेक काम कष्टाचे आहे, कर्जाचे नाही. मग २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सांगोल्याच्या बागा मर रोगाने आणि खोडाला बारीक छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्याने वाळल्या, तेव्हा पुन्हा तीच बाजारपेठ भरली. डाळिंबाला हमीभाव नाही. त्यामुळे फसलेल्या प्रत्येक फवारणीचा पैसा बागवानाच्याच खिशातून जातो.

शेतकरी विचारत का नाही? कारण 'अडाणी' ही शिवी त्याने पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे. त्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊन त्याला कोण कसे लुबाडतो, हे जोतीरावांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये मांडले. तेव्हापासून आपण अज्ञान घालवण्यापेक्षा ते झाकायलाच जास्त शिकलो. आता उद्योगाकडे पाहा. कारखानदाराला कायद्यातले कळत नाही म्हणून तो वकील ठेवतो, हिशेबातले कळत नाही म्हणून सनदी लेखापाल ठेवतो, यंत्रातले कळत नाही म्हणून इंजिनिअर ठेवतो. त्याच्या पगारपत्रकातले प्रत्येक नाव म्हणजे 'मला हे येत नाही' याची लेखी कबुली असते. त्याला व्यवस्थापन म्हणतात. शेतकऱ्याने तोच प्रश्न विचारला की तो अडाणी! शेती हा धंदा आहे असे आपण व्यासपीठावरून सांगतो. मग धंद्याची ही पहिली रीतही घ्यायला हवी.

शास्त्र तरी वेगळे काय करते? १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, ते दुष्काळी मुलखात पाऊस दगा देतो तेव्हा काय करावे याचे उत्तर हाती नव्हते म्हणून. मालदांडी ३५-१ ही शाळू मोहोळच्या केंद्रावर गावरान वाणांतून निवडून काढली. सगळ्यात चांगला वाण कोणता हे कुणाला आधी माहीत असते, तर ओळीने पेरून पाहायची गरजच नव्हती. शरद जोशींनी परदेशातली नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतःच्या शेताचा हिशेब ठेवला. शेती तोट्यात का जाते हा प्रश्न त्यांनी उत्तर पाठ असल्यासारखा हाताळला नाही. म्हणूनच त्यातून चळवळ उभी राहिली.

भावाचेही तसेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूर बाजार समितीत आणला आणि खर्च वजा जाता त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, ८ डिसेंबरला निर्यातबंदी झाली, आणि ती उठली ४ मे २०२४ ला. अशा बाजारात 'कांदा चाळीत ठेव, भाव वाढणारच' असे छातीठोक सांगणारा एक तर भाबडा असतो, नाहीतर त्याचा माल विकायचा असतो. उद्याचा भाव माहीत नाही हे ज्याला पक्के माहीत आहे तो सगळे रान एकाच पिकाखाली घालत नाही आणि सगळा माल एकाच दिवशी काढत नाही. निर्यातबंदीविरुद्ध लढायचे ते लढायचेच. पण लढाई चालू असताना घरचा धंदा अंदाजावर सोडायचा नाही.

कुणी म्हणेल, 'माहीत नाही' हे तर सरकारी कचेरीचे आवडते उत्तर आहे. बरोबर. पण तिथे त्याचा अर्थ 'मला देणेघेणे नाही' असा असतो. आपण म्हणतो त्या 'माहीत नाही'च्या पुढे आणखी एक वाक्य लागते: 'विचारून सांगतो.' ते नसेल तर ती निव्वळ टाळाटाळ. शिवाय कुठे बोलायचे याचेही भान हवे. भाव ठाऊक नाही हे अडत्याच्या गादीवर सांगू नये. ते आपसात बोलावे, आणि गाडी भरण्याआधी दोन-तीन बाजारांत विचारून घ्यावे.

ही शिस्त आधी कार्यकर्त्यांना लागू आहे. बिल्ला लावला की प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिलेच पाहिजे असे आपल्याला वाटू लागते. पीकविम्यापासून जागतिक व्यापारापर्यंत कशावरही आपण बोलतो. आपल्या शब्दावर एखादी माउली गळ्यातले गहाण ठेवून बाग लावते. तेव्हा अर्ध्या माहितीवर दिलेला सल्ला आणि दुकानदाराची बाटली यात फरक राहत नाही.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. एक: प्रत्येक गावशाखेने एक वही ठेवावी. उत्तर न आलेला प्रश्न, तो कोण विचारून येणार आणि कधीपर्यंत, एवढे तीन रकाने. पुढच्या बैठकीची सुरुवात त्या वहीने व्हावी. दोन: औषध घेताना तीन प्रश्न विचारावेत. हे कोणत्या रोगावर? लेबलवर माझ्या पिकाचे नाव आहे का? पक्की पावती मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाला दुकानदार चाचरला तर पहिल्या दोन्हींची उत्तरे मिळाली असे समजावे. तीन: नवे औषध सगळ्या बागेवर एकदम मारू नये. बोर्डोसारखी नेहमीची फवारणी सगळीकडे चालू ठेवावी आणि नव्याच्या बाबतीत दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात. हंगामाअखेर त्या दोन ओळी जे सांगतील ते कोणताही सल्लागार सांगणार नाही. चार: आपला एकरी खर्च ज्याला सांगता येत नाही त्याला कुणी हसू नये. शेजारी बसून त्याचा हिशेब मांडून द्यावा.

रास्त भाव मागणाऱ्याला आपला खर्च ठाऊक हवा. त्या खर्चातला जो भाग निव्वळ न विचारल्याने वाढला आहे तो कोणतेही सरकार भरून देणार नाही. तो आपल्यालाच कमी करायचा आहे, आणि त्यासाठी कुणापुढे मोर्चा न्यावा लागत नाही.